वाटोळ्या अक्षराचा चकवा

मी एक वेबसाइट बोलतेय. जुनी. आत्ता तुमच्यासमोर जे पांढरं पान उघडलंय आणि त्यावर चार ओळी दिसताहेत ना, तेवढीच उरलेली. पाच सेकंदांत हे पान तुम्हाला दुसरीकडे नेऊन सोडेल, म्हणजे खरं तर मला बोलायला वेळच नाही. पण दमल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटतं. आज तुम्ही सापडलात.

ज्या ज्या पडद्यावर मला उघडतात, तिथलं थोडंफार मला दिसतं, ऐकू येतं. कसं, ते विचारू नका. घराच्या भिंतींना कान असतात हे तुम्ही बिनतक्रार मानता, मग मलाही असतात असं समजा.

माझा जन्म १९९९च्या मे महिन्यातला. रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासच्या गच्चीवरच्या खोलीत, घामाघूम झालेल्या उन्मेषने मला घडवलं. तो मुंबईला इंजिनीअरिंगला होता आणि सुट्टीत घरी आला होता. घर देवरूखचं. वडील श्रीपती मास्तर, हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतेच रिटायर झालेले. आई कमलाताई. परसात त्यांची एक शेड होती. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, डोंगरातल्या वाड्यांवरून टोपल्यांनी यायची आणि त्यांच्या रसात मीठ मुरवून तिथे आगळ तयार व्हायचा. सोलकढीला लागतो तो आगळ. तो जगभर विकायचा म्हणून मी जन्मले.

नाव ठेवताना बाप-लेकात वाद झाला. उन्मेषने देवरूखच्या स्पेलिंगात 'व्ही' टाकला. मास्तरांनी त्याचा हात धरला.

"डी, ई, ओ," ते म्हणाले. "ओ!"

"बाबा, आपण देवरूख म्हणतो. देओरूख कोण म्हणतं?"

"माझ्या शाळेच्या दाखल्यावर ओ आहे. सगळी हयात पोरांना ओ शिकवला मी. ज्यांनी व्ही लिहिला त्यांना बाकावर उभं केलंय. आता तुझ्या कॉम्प्युटरसाठी बदलू होय?"

उन्मेषने 'ओ' टाकला. मुंबईतल्या ज्या कंपनीत त्याचा मित्र होता, तिने आपल्या इतर शंभर नावांबरोबर माझंही नाव घेऊन टाकलं. नाव माझं, पण ते कोणाच्या नावावर आहे, हे तेव्हा कोणीच विचारलं नाही. आपल्याकडे ओळखीतल्या कामात कागद बघायची पद्धत नाही.

माझं लहानपण थाटाचं होतं. डोक्यावर लाल अक्षरांत नाव, बाजूला लुकलुकणारं 'नवीन', खाली पाहुणे मोजणारे आकडे. एका कोपऱ्यात फावड्याने माती उपसणारा एक माणूस होता आणि त्याच्याखाली लिहिलेलं, 'काम चालू आहे'. पुढे सहा-सात वर्षं तो उपसतच राहिला, पण काम काही पुरं झालं नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही म्हणा.

माझं मराठी मात्र ज्याच्याकडे तो विशिष्ट फाँट असेल त्यालाच दिसायचं. बाकीच्यांना नुसती चिन्हांची खिचडी. बडोद्याच्या एका गृहस्थांनी कळवलं होतं, 'आपली साइट सुंदर आहे, भाषा कोणती?' मास्तरांना तो अपमान वाटला. कमलाताई मात्र दिवसभर आठवून आठवून हसत होत्या.

माणसांच्या सवयी मी खूप पाहिल्या. शंभरातले पन्नास जण 'छान' एवढं लिहून जातात. वीस जण गणपतीपुळ्याला राहायची सोय विचारतात. उरलेले विचारतात, "आंबे आहेत का?" नाहीत हो. मी रत्नागिरी जिल्ह्यातली असले तरी आंबा विकत नाही, माझ्याकडे आगळ आहे, असं मी किती वर्षं सांगितलं. ऐकतो कोण?

पण खरे गिऱ्हाईक होते, आणि ते मिळाले त्या लेबलामुळे. कमलाताईंनी प्रत्येक बाटलीवर माझा पत्ता छापून घेतला होता. डोंबिवलीत, बडोद्यात, मस्कतमध्ये ती बाटली कुठल्या तरी फडताळात उभी राहायची. वर्षाने उन्हाळा आला, बाटली तळाला लागली, की घरातलं कोणी तरी ती उलटून लेबल वाचायचं, तो पत्ता टाकायचं आणि माझ्या दारात हजर व्हायचं. मी त्यांची मागणी घेऊन मास्तरांच्या मेलमध्ये टाकायची. माझं काम एवढंच, पण ते मी नेमाने केलं.

शेडमध्ये सहा-सात बायका कामाला असायच्या. त्यांत सगळ्यांत जुनी सोनूबाई. डोंगरातल्या वाडीत एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा रघू मुंबईला कुरिअरच्या हापिसात. उन्मेषने पहिल्यांदा घरच्या कॉम्प्युटरवर मला उघडून सगळ्यांना दाखवलं तेव्हा तिने पदराला हात पुसले आणि विचारलं,

"ही ऱ्हाते कुठं?"

"ही? अमेरिकेतल्या एका मशीनमध्ये," उन्मेष म्हणाला.

"आन पत्ता देवरूखचा?"

"हो."

"म्हंजे आमच्या रघूवानी झाला की! ऱ्हायचा एकीकडं, नाव गावचा."

मला ती बाई तेव्हापासून आवडली.

मग जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. उन्मेष शिकला, पुण्याला लागला, तिथून बंगळूरला गेला, लग्न झालं, ओवी नावाची मुलगी झाली. "आई, साइटचं करतो गं या शनिवारी," असं तो म्हणायचा. ते शनिवार अजून यायचेच आहेत. माझ्या डोक्यावर 'यंदाचा आगळ तयार' ही बातमी चार वर्षं लुकलुकत होती. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या जागी कुठले कुठले लोक येऊन घड्याळं आणि ताकदीची औषधं विकायला लागले. मी बघत होते. हाकलणार कशी? मला हात नाहीत. दमणं तिथूनच सुरू झालं बहुतेक. काम करून माणूस दमतो त्यापेक्षा नुसतं उभं राहून जास्त दमतो, हे शेडमधल्या बायकाही म्हणायच्या.

२००५ साली मुंबईची ती कंपनी बसली. ऐन एप्रिलमध्ये मी बंद पडले. कोणी भाडं भरलं नव्हतं म्हणे. बाटल्या तळाला लागलेले लोक आले, दार वाजवून परत गेले. मागाहून कोणी तरी भाडं भरलं आणि मी पुन्हा सुरू झाले, तेव्हा आगळाचा हंगाम निघून गेला होता आणि शेडमधली पिंपं भरलेलीच उभी होती.

त्या दिवाळीत रघू गावी आला. तो आईला घेऊन कमलाताईंकडे आला होता. त्या वेळी मास्तर मला उघडून बसले होते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"काकू, तुमी तरी सांगा आयेला. हितं आता काम नाय. घराला कुलूप लावू, चल मुंबईला. दोन येळचा माझ्यात खाईल."

"मी नाय जायाची," सोनूबाई म्हणाली. "तुज्या त्या खोलीत मी पाय पसरला तर भिंतीला लागतात. हितं माझी चार फणसाची झाडं हायत, गाय हाय. मी हितं हाय तवर घराला दिवा लागतो. मला काम हाय रे."

"कुठं हाय काम? पिंपा भरून पडलीत."

 कमलाताई म्हणाल्या, "रघू, मी तुला खोटं नाही सांगणार. गेल्या हंगामाचा माल अजून पडलाय. येत्या हंगामात हा आणि नवा, दोन्ही गेले तर शेड चालेल. नाही गेले तर मी बंद करत्ये. मग तू आईला ने. तोवर राहू दे तिला."

रघूने मान हलवली. "मे महिन्यात येतो," म्हणाला.

म्हणजे त्या म्हातारीचं घर उघडं राहणार की त्याला कुलूप लागणार, ते माझ्यावर येऊन ठेपलं. मी, जिला धड मराठीही सगळ्यांना दाखवता येत नव्हतं.

नव्या वर्षात उन्मेषने खरंच मनावर घेतलं. माझं नाव सोडवून घ्यायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. पण कंपनीचे मालक आपसात भांडत होते, सही करायला कोणी तयार नव्हतं. मग त्याने नवं नाव घेतलं. 'ओ'चं नाव माझ्याकडे अडकलेलं, म्हणून 'व्ही'चं. मास्तरांनी नाक मुरडलं. "व्ही तर व्ही. परीक्षेत मी याचा अर्धा मार्क कापला असता," एवढं म्हणून घेतलं, आणि नवी लेबलं छापायला दिली.

नवी साइट देखणी होती. मी काही मत्सर केला नाही. तिच्या कोपऱ्यात माती उपसणारा माणूस नव्हता, यातच सगळं आलं.

"जुनी मरू दे आता," उन्मेष फोनवर म्हणाला.

"शहाणाच आहेस," कमलाताई म्हणाल्या. "लोकांच्या घरात बाटल्या कुठल्या आहेत? जुन्या. लेबल कुठलं? जुनं. ते कुठे जाणार? जुनीकडेच. आणि दारी आलेल्याला सांगायला नको, बाबा रे, आम्ही पलीकडे राहायला गेलो म्हणून?"

उन्मेषला ते पटलं. पण माझ्या मशीनची किल्ली त्याच्याकडे नव्हती. चौकशी करता करता कळलं, की त्या बुडालेल्या कंपनीत सगळी आवराआवर करायला एकच माणूस उरलाय आणि तो देवरूखचा आहे. लवू. श्रीपती मास्तरांचा विद्यार्थी.

लवूने फोनवर सांगितलं, "सर, मशीनची सेटिंग्ज माझ्या हातात नाहीत. ती ज्यांच्याकडे आहेत ते फोनच उचलत नाहीत. मला तुमच्या साइटचं फक्त पहिलं पान बदलता येतं, बाकी काही नाही. म्हणजे असं समजा, घराची किल्ली नाही, पण दारावर पाटी लावू शकतो."

"मग पाटी लाव," मास्तर म्हणाले.

तसं ठरलं. उन्मेषने एक छोटंसं पान तयार करून वडिलांना पाठवलं. त्यात एक वाक्य, की आमचा पत्ता बदलला आहे, पाच सेकंदांत आपण नव्या पत्त्यावर जाल. आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारी एक ओळ, जी खरोखर माणसाला उचलून तिकडे नेते. मास्तरांनी ते फक्त पुढे लवूला पाठवायचं होतं. बस.

पण ते वाक्य होतं इंग्रजीत, आणि मुलगा घाईत असल्यामुळे त्यात एक 'द' राहिला होता.

इंग्रजीच्या मास्तरांना 'द' गाळलेला दिसला की पुढचं काही दिसत नाही. त्यांनी सगळं पान नव्याने टाइप केलं. 'द' घातला, स्वल्पविराम घातला, दोन शब्दांची जागा बदलली. न दिसणारी ओळही पुन्हा लिहिली, नवा पत्ता घातला, चष्मा पुसून दोनदा तपासलं आणि लवूला पाठवून दिलं. लवूने पाटी लावली.

त्या पाटीसाठी माझं पहिलं पान पुसलं गेलं. फोटो गेले, आकडे गेले, माती उपसणारा गेला. तो जाताना मला वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटलं. पोकळ वाटत होतं आणि हलकंही. म्हटलं, चला, आता आलेल्याला फक्त वाट दाखवायची. म्हातारपणी एवढं काम झेपेल.

पहिला पाहुणा आला. मी त्याला सांगितलं, पाच सेकंद थांबा. पाच सेकंद झाले, मी त्याला उचललं, नव्या पत्त्यावर नेऊन सोडलं, आणि बघते तर तो माझ्याच दारात उभा. पुन्हा सांगितलं, पाच सेकंद थांबा. पुन्हा उचललं. पुन्हा माझंच दार. तिसऱ्यांदा तो वैतागून निघून गेला.

दुसऱ्याचं तेच, तिसरीचंही. मी प्रत्येकाला सांगत होते, अहो, मी आता इथे नाही, तिकडे जा. आणि तिकडे म्हणजे पुन्हा मीच! रात्रंदिवस हेच. आयुष्यात जेवढी दमले नाही तेवढी मी त्या आठवड्यात दमले. आणि दर खेपेला मला ती भरलेली पिंपं आठवायची.

देवरूखला तेव्हा कसल्याशा खोदकामात टेलिफोनची केबल तुटली होती, त्यामुळे घरून इंटरनेट बंद. मोबाइल तेवढा चालू. मास्तरांना वाटत होतं, मागण्या येत असतील, केबल जोडली की दिसतील. मग डोंबिवलीच्या मथुराताईंचा फोन आला. जुन्या गिऱ्हाईक.

"मास्तर, तुमची साइट फुगडी घालत्येय! मला गरागरा फिरवलं. पाच सेकंद, पाच सेकंद करत्ये आणि तिथेच."

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोष असेल," मास्तर म्हणाले.

"माझ्या भावाच्या कॉम्प्युटरमध्येही तेच. मला आगळ हवाय हो, लग्न आहे घरात. नाही तर दुसरीकडे बघत्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मास्तर रत्नागिरीला गेले. बरोबर कमलाताई, कारण त्यांना एका दुकानात नव्या लेबलाच्या बाटल्या नमुन्याला द्यायच्या होत्या. आणि ओझं उचलायला सोनूबाई. तिघं एका सायबर कॅफेत शिरली आणि मला उघडलं.

पाच सेकंद. मी. पाच सेकंद. मी.

मास्तरांनी लवूला पाठवलेली मेल काढली आणि न दिसणारी ओळ वाचली. "बरोबर आहे," म्हणाले. पुन्हा एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "डी, ई, ओ, आर, यू, के, एच. अगदी बरोबर आहे. मशीन बिघडलंय." त्यांच्या कपाळावर घाम होता. आयुष्यात स्पेलिंग चुकलं नाही असा माणूस, त्याला ते दिसणार कसं? जे अक्षर त्यांना तिथे दिसायला हवं होतं, तेच तिथे होतं.

सोनूबाई मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मास्तरानु, ह्यो चकवा हाय."

"काय?"

"चकवा. रातचा मानूस रानात सापडला की त्येला चकवा लागतो. चालतो, चालतो आन फिरून त्याच झाडाखाली येतो. मशीन बिघडलेला नाय. लोकांना चकवा लागलाय."

"मग त्यावर उपाय काय म्हणतेस?" मास्तरांनी चिडूनच विचारलं.

"चालायचा नाय. बसायचा, आन जागेच्या राखनदाराला हाक मारायची. पन नाव बरोबर घ्यायला पायजे. नाव चुकला की त्यो वळून बघत नाय."

नाव बरोबर घ्यायला पायजे. कमलाताईंनी ते ऐकलं मात्र, पिशवीत हात घातला आणि नव्या लेबलाची एक बाटली काढून पडद्याच्या शेजारी ठेवली. आठवडाभर त्यांनी ती लेबलं हाताने चिकटवली होती. एकदा त्या बाटलीकडे बघत, एकदा पडद्याकडे.

"अहो, डोळे नीट उघडा. बाटलीवर तिसरं अक्षर टोकदार आहे. तुमच्या ओळीत वाटोळं आहे."

मास्तरांनी बाटली डोळ्यांजवळ नेली.

"तुम्ही सवयीने ओ घातलात. तो पत्ता नवीचा नाही, हिचाच आहे. हिलाच सांगितलंत, लोकांना हिच्याकडेच पाठव." मग त्यांना हसू आवरेना. त्या हसत होत्या आणि डोळ्यांत पाणीही होतं. "त्या वाटोळ्यानेच वाटोळं केलं हो आपलं!"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मला त्यांची कीव आली. माझ्या दारात फिरलेल्या माणसांपेक्षा जास्त चकवा या माणसाला लागला होता, आणि तो आजचा नव्हता.

त्यांनी सायबर कॅफेतून लवूला फोन लावला. मी पडद्यावर उघडीच होते.

"लवू, मी सर बोलतोय. ती ओळ चुकली आहे. ओ नको तिथे. व्ही घालायचा."

 लवू म्हणाला, "सर, मला दिसलं होतं ते."

"दिसलं होतं? मग बदललं का नाहीस?"

"सर, तुम्ही लिहिलंत म्हणजे बरोबरच असणार असं वाटलं. नव्या साइटचंच नाव चुकीचं घेतलं असेल, तुम्ही ते बदलून घ्याल, असं वाटलं. आठवीत मी व्ही लिहिला होता तेव्हा तुम्ही मला तासभर बाकावर उभं केलं होतंत. तेव्हापासून त्या अक्षराला हात लावायची हिंमत नाही होत."

सांगा आता. मुंबईत एवढी वर्षं काढलेला, मशीन कोळून प्यालेला माणूस. पण सरांनी लिहिलेलं खोडायचं कसं? ही चूक जगात दुसरीकडे कुठे झाली नसती. ती करायला सर देवरूखचे लागतात आणि विद्यार्थीही देवरूखचाच लागतो.

मास्तर म्हणाले, "लवू, ऐक. तेव्हाही तू चुकला नव्हतास. गावाचं नाव लोक जसं उच्चारतात तसंच तू लिहिलं होतंस. व्ही घाल."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

"मग लगेच पाठवा, सर. संध्याकाळी मला हापिसाचा पास परत द्यायचाय. त्यानंतर मलाही पाटीला हात लावता यायचा नाही."

मास्तर टाइप करायला बसले. या वेळी त्यांनी बाटली डाव्या हातात धरली होती आणि लेबल बघून एकेक अक्षर उतरवत होते, पहिलीतल्या मुलाने पाटीवर गिरवावं तसं. 'द'कडे त्यांनी बघितलंही नाही. उलट ते सगळं इंग्रजी वाक्यच त्यांनी पुसून टाकलं.

"इथे मराठीत लिहितो," म्हणाले. "आता फाँटची भानगड नाही, सगळ्यांना दिसतं. काय लिहू?"

"थांबा वाईच," सोनूबाई म्हणाली. "जुनी जागा अशी सोडू नये. तिला सांगूनशी जायाला पायजे. देवाला गाऱ्हाना घालायला पायजे."

"इथे? सायबर कॅफेत?"

"हितं नाय तर कुठं? ती हितंच हाय ना?"

तिने चपला काढल्या. बाटली माझ्यासमोर नीट ठेवली, कारण नारळ नव्हता. हात जोडले. शेजारच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. माझ्याकडे बघून पुष्कळ जण बोलले, पण माझ्याशी ती पहिली बोलली.

"बा देवा म्हाराजा! ही जुनी जागा. हिनं आमचा लय केलान. हिच्या जीवावर आमची चूल पेटली."

"व्हय म्हाराजा," कमलाताई हळूच म्हणाल्या. गाऱ्हाण्याला मागून साद द्यावीच लागते, नाही तर ते पोचत नाही.

"आज लेकरा नव्या जागेत चाललीत. जो कोन जुन्या वाटेनं येल, तेचा पाय चुकवू नको. तेला चकवा लावू नको. हात धरून नव्या दारात नेऊन सोड."

"व्हय म्हाराजा."

"आन हिचा काय चुकला-माकला आसंल तर पोटात घाल. हिला आता इसावा दे."

या वेळी कमलाताईंच्या आवाजात मास्तरांचाही आवाज होता. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले, आणि तेच बोल लिहायला लागले.

लवूने त्याच संध्याकाळी पाटी बदलली. त्यानंतर पहिल्या आल्या त्या मथुराताई. पाच सेकंद, आणि गेल्या. परत आल्या नाहीत. कोणी आपल्या दारातून जाऊन परत येत नाही, यात इतका आनंद असतो हे मला माहीत नव्हतं.

मग बडोदा आलं, मस्कत आलं, आणि आंबे विचारणारेही आले. त्यांनाही तिकडे पाठवलं, नवीने बघून घ्यावं. मे महिन्याच्या अखेरीला माझा पत्ता मुंबईच्या कुठल्याशा मोबाइलच्या दुकानातून उघडला गेला. रघू होता. शेजारच्याला सांगत होता, "आयेला आनायला गेलो होतो. आली नाय. पिंपा रिकामी झाली, पुढल्या हंगामाची आगाऊ मागनी हाय म्हनते. जुन्या लेबलाच्या दोन बाटल्या दिल्यान हातात आन धाडलान मला परत. हे बघ, हिचा पत्ता." पाच सेकंदांत तोही गेला.

आता २००६ संपत आलंय. माझ्या मशीनचं भाडं या वर्षापुरतंच भरलेलं आहे. पुढे भरणारं कोणी नाही, आणि भरू नये असंच मला वाटतं. फडताळांतल्या जुन्या बाटल्या बहुतेक संपल्या. दिवसाला एखादंच कोणी येतं. आज तुम्ही. एक दिवस असंच कोणी येईल आणि दारच नसेल. त्याला सांगा, देवरूखात 'व्ही' आहे.

तुमचे पाच सेकंद केव्हाच संपलेत. खरं तर मी तुम्हाला जरा अडवूनच ठेवलंय. आता सोडते. फक्त जाण्याआधी एक कराल का? माझ्या पानावरच्या चार ओळी सोनूबाईच्याच आहेत. शेवटची ओळ विसाव्याची. मी रोज ती म्हणते, पण मागून साद द्यायला इथे कोणी नाही, आणि सादेशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

मोठ्याने नको. तुमच्या तुम्ही, पडद्याकडे बघून, एकदाच म्हणा. व्हय म्हाराजा.